मैदानाच्या कडेचा शिक्षक : सय्यद अब्दुल रहीम



मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकास व्याख्यानासाठी पाचारण केले की तो संतवाङ्मयावर बोलेल, नाहीतर निजामी राजवटीतील मराठी शिक्षणाच्या इतिहासावर बोलेल, अशी अपेक्षा बाळगणे स्वाभाविक आहे. मी आज फुटबॉलवर बोलणार आहे. हे व्याख्यान एका शिक्षकाच्या स्मरणार्थ होत असते. म्हणून याच शहरातील आणखी एका शिक्षकाचे स्मरण येथे करावे, असे मनात आले. त्यांचे नाव सय्यद अब्दुल रहीम. जन्म १७ ऑगस्ट १९०९, मृत्यू ११ जून १९६३. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक आणि जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय फुटबॉल संघाचे प्रशिक्षक म्हणून जग त्यांना ओळखते. २०२४ साली त्यांच्यावर ‘मैदान’ हा हिंदी चित्रपट निघाला आणि ज्यांनी हे नाव कधी ऐकले नव्हते त्यांच्याही ते कानावर गेले.

परंतु पदकांचा इतिहास हा फळांचा इतिहास असतो. मला मुळांविषयी बोलावयाचे आहे. रहीमसाहेबांनी भारतीय संघाबरोबर घालविलेले दिवस जर मोजले, तर ते त्यांच्या आयुष्यातील थोडे दिवस भरतील. उरलेली वीस वर्षे त्यांनी या शहरातील शाळा, गल्ल्या आणि मैदाने यांच्यात काढली. जाकार्ताचे सुवर्णपदक या वीस वर्षांच्या पोटी जन्मले, असे माझे प्रतिपादन आहे. आणि त्या वीस वर्षांची आपण नीट आठवण ठेवली नाही, असाही माझा दावा आहे.

शहर आणि त्याची मैदाने

ज्या मैदानास आज आपण लाल बहादूर स्टेडियम म्हणतो, त्याचे मूळ नाव फतेह मैदान. १६८७ मध्ये गोवळकोंडा जिंकणाऱ्या मोगल सैन्याचा तळ येथे पडला होता, म्हणून हे नाव. १९६७ पर्यंत ते टिकले. या शहरातील फुटबॉल हा खेळ छावण्यांच्या आश्रयाने वाढला. सिकंदराबादेस ब्रिटिश पलटणी होत्या, त्यांचे पाहून स्थानिक मुले खेळू लागली. पुढे पोलीस दल, सैन्य, महाविद्यालये आणि मोहल्ल्यांतील क्लब यांनी तो खेळ आपलासा केला.

आपल्या मराठी समाजाची वस्तीही या मैदानांपासून दूर नव्हती. सुलतान बाजार, काचीगुडा, बडी चावडी हा आपला परिसर. १९०७ मध्ये विवेक वर्धिनीची स्थापना झाली, १९२२ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले. राजभाषा उर्दू असलेल्या संस्थानात मराठी मुलांना मातृभाषेतून शिकता यावे यासाठी आपल्या पूर्वजांनी किती खस्ता खाल्ल्या, हे या सभागृहास सांगण्याची आवश्यकता नाही. मात्र हे सांगितले पाहिजे की त्याच काचीगुड्यातील मिडल स्कूलमध्ये रहीम नावाचे एक तरुण शिक्षक शिकवीत होते. म्हणजे ते आपल्या शेजारचे मास्तर होते. शेजाऱ्याचा इतिहास आपण बहुधा लिहीत नाही, तो आपल्याला ठाऊकच आहे असे गृहीत धरतो आणि त्यामुळेच विसरतो.

शिक्षक रहीम

रहीम हे उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. विद्यापीठाच्या संघातून ते खेळले, पुढे शहरातील ‘कमर क्लब’ या नावाजलेल्या संघातूनही खेळले. तथापि खेळणे हा त्यांचा व्यवसाय नव्हता आणि त्या काळी तो कोणाचाच नव्हता. पोटापाण्यासाठी त्यांनी शिक्षकी पत्करली. काचीगुडा मिडल स्कूल, उर्दू शरीफ स्कूल, दारुल उलूम हायस्कूल आणि चादरघाट हायस्कूल अशा शाळांमधून त्यांनी नोकरी केली. मध्यंतरी शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि नंतर शाळेतील क्रीडाविभागाची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

शाळेतील खेळाच्या शिक्षकाचे स्थान काय असते, हे आपण सर्व जाणतो. शिक्षकांच्या खोलीत त्याची खुर्ची दाराजवळ असते. परीक्षा जवळ आली की सर्वांत आधी त्याचा तास जातो. येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. महाविद्यालयात येण्यापूर्वी काही वर्षे मी एका शाळेत शिकवीत होतो. दहावीच्या वर्गाचे व्याकरण मागे राहिले म्हणून मी एका वर्षी मुलांचा मैदानाचा तास मागून घेतला आणि तो वर्ष संपेपर्यंत परत केला नाही. त्या वेळी मला त्यात वावगे वाटले नाही, उलट आपण कर्तव्यतत्पर आहोत असे वाटले. खेळाचे शिक्षक काही बोलले नाहीत. ते का बोलले नाहीत, हे मला आज समजते.

रहीमसाहेबांची थोरवी यात आहे की त्यांनी या दाराजवळच्या खुर्चीवरून एका शहराचा खेळ घडविला. ते प्रशिक्षक झाले तरी त्यांची पद्धत शिक्षकाचीच राहिली. मुलाला काय येत नाही ते आधी शोधावयाचे, ते न येण्याचे कारण पाहावयाचे आणि मग तेवढ्याच गोष्टीचा सराव द्यावयाचा.

सचिवाचे काम

१९४० च्या दशकाच्या पूर्वार्धात रहीम हैदराबाद फुटबॉल असोसिएशनचे सचिव झाले आणि मृत्यूपर्यंत ते त्या पदावर राहिले. सचिव हा शब्द आज भारदस्त वाटतो. स्थानिक क्रीडासंघटनेच्या सचिवाचे काम मात्र भारदस्त नसते. कोणत्या दिवशी कोणते दोन संघ खेळणार याचा तक्ता लावणे, पंच मिळविणे, मैदानावर चुन्याच्या रेषा आखून घेणे, हरलेल्या संघाची तक्रार ऐकणे, जिंकलेल्या संघाची आढ्यता सहन करणे आणि वर्षअखेरीस जमाखर्च जुळविणे, हे ते काम. त्याचे छायाचित्र निघत नाही. परंतु तक्ता वेळेवर लागला नाही तर मोहल्ल्यातील मुलगा खेळावयाचा थांबतो, आणि एक वर्ष थांबलेला मुलगा बहुधा परत येत नाही.

या पदावरून रहीमसाहेबांनी मुलांसाठी ज्या स्पर्धा भरविल्या, त्या शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने अभ्यासण्याजोग्या आहेत. एका प्रकारच्या स्पर्धेत ड्रिब्लिंगला, म्हणजे चेंडू पायाशी खेळवीत एकट्याने पुढे नेण्याला, मनाई असे. दुसऱ्या प्रकारात खेळाडूने आपल्या दुबळ्या पायानेच चेंडू मारावयाचा. उजवा पाय चालणाऱ्याने डावा, आणि डावा चालणाऱ्याने उजवा. काही स्पर्धांना उंचीची मर्यादा असे, म्हणजे ठराविक उंचीपेक्षा मोठ्या मुलांना त्यांत प्रवेश नसे.

यामागील विचार पाहा. आपल्याकडील मुलगा चेंडू मिळाला की तो सोडीत नाही. चारजणांना चकवून टाळ्या घ्याव्यात, असे त्याला वाटते. ड्रिब्लिंगला बंदी केली की त्याला मान वर करावी लागते. आपला सहकारी कोठे आहे हे चेंडू येण्यापूर्वीच पाहून ठेवावे लागते, आणि चेंडू दिल्यावर स्वतः मोकळ्या जागेत धावावे लागते. मी निबंधाच्या वर्गात मुलांना कधीकधी सांगत असे की आजचा निबंध एकही विशेषण न वापरता लिहा. प्रारंभी मुले कुरकुरत, नंतर क्रियापदांकडे पाहू लागत. एक सवय बंद केल्याने दुसरी शक्ती जागी होते, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच. दुबळ्या पायाच्या स्पर्धेतून दोन्ही पायांनी खेळणारे खेळाडू तयार झाले. उंचीच्या मर्यादेमुळे लहान चणीच्या, चपळ मुलांना धटिंगणांच्या धक्क्याविना खेळ शिकता आला. आणि या सगळ्यास खर्च किती? एक चेंडू, एक शिट्टी आणि नियम बदलण्याची कल्पकता. दरिद्री देशाच्या क्रीडाशिक्षणाचा याहून चांगला आराखडा मला ठाऊक नाही.

सचिवाचे काम कागदावर संपत नाही, याचे उदाहरण तुलसीदास बलराम यांच्या आठवणींत आहे. बलराम हे सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याच्या गरीब घरातील मुलगा. रहीमसाहेबांनी त्यांचा खेळ पाहिला आणि हैदराबाद संघाच्या सरावास बोलाविले. इतक्या लांब रोज येण्यास पैसे नाहीत, असे मुलाने सांगितले. तेव्हा सायकल भाड्याने घेऊन येता यावे म्हणून रहीमसाहेब त्यांना रोज एक रुपया देऊ लागले. बलराम पुढे मेलबर्न, रोम आणि जाकार्ता या तिन्ही ठिकाणी भारताकडून खेळले. १६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांचे निधन झाले. म्हातारपणीही ते हा रुपया आवर्जून सांगत असत. शाळामास्तराच्या पगारात रोजचा एक रुपया ही लहान रक्कम नव्हे, हे त्या पिढीतील श्रोत्यांना वेगळे सांगावयास नको.

पोलीस संघ आणि मुंबई

१९५० पासून रहीम हैदराबाद सिटी पोलीस संघाचे प्रशिक्षक होते. या वर्षाकडे इतिहासाच्या अभ्यासकाने थांबून पाहावे. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय सैन्याची कारवाई झाली, तिला आपण आजही ‘पोलीस ॲक्शन’ म्हणतो. तिच्या आधीचे रझाकारांचे दिवस आणि तिच्या नंतरचे सूडाचे दिवस, या दोहोंच्या जखमा शहरात ताज्या होत्या. शेजारी शेजाऱ्याकडे संशयाने पाहत होता. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांनी त्या काळात जे सोसले ते विसरण्यासारखे नाही, आणि मुसलमान कुटुंबांनी जे सोसले तेही विसरण्यासारखे नाही.

अशा काळात या शहराचा पोलीस संघ १९५० साली मुंबईस गेला आणि कूपरेजच्या मैदानावर रोव्हर्स चषक जिंकून आला. १८९१ पासून चालत आलेली ही स्पर्धा. पुढील चार वर्षेही, म्हणजे १९५४ पर्यंत, तो चषक हैदराबादकडेच राहिला. सलग पाच वर्षे. त्याच सुमारास दिल्लीचा ड्युरंड चषकही आला, १९५० मध्ये आणि पुन्हा १९५४ मध्ये. पुढे १९५७ व १९६१ च्या स्पर्धांतही ड्युरंडवर याच पोलीस संघाचे नाव लागले. मुंबईकर मराठी प्रेक्षकांनी हैदराबादचे नाव दंगलीच्या बातमीखेरीज आणखी कशासाठी तरी उच्चारावे, ही गोष्ट या अकरा खेळाडूंनी घडवून आणली. खेळाने जखमा भरून येतात असा भाबडा दावा मी करणार नाही. परंतु एका विजयाचा आनंद शेजाऱ्याबरोबर वाटून घेता आला, तर पुढले बोलणे सुरू होण्यास निमित्त मिळते, एवढे खरे.

दुसरी एक नोंद. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य विसर्जित झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, कन्नड जिल्हे म्हैसुरात आणि तेलुगू जिल्हे आंध्र प्रदेशात. भाषिक न्यायाच्या दृष्टीने ते योग्यच होते. मात्र आपण, शहरात राहिलेले मराठी लोक, आपल्याच मुलखापासून अलग झालो. राज्य नकाशावरून पुसले गेले त्याच हंगामात, आणि त्यापुढच्या हंगामातही, हैदराबाद या नावाच्या संघाने संतोष करंडक जिंकला. आणि विसर्जनानंतर बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबर १९५६ रोजी, मेलबर्न येथे भारताने ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव केला. त्या पथकात बलराम, थंगराज, अझीझ, नूर महंमद, झुल्फिकारुद्दीन ही या शहराने घडविलेली मुले होती.

हेलसिंकी ते जाकार्ता

आता भारतीय संघाविषयी थोडक्यात. रहीम यांच्या मार्गदर्शनाखाली १९५१ मध्ये दिल्लीच्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारताने इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळविले. पुढच्याच वर्षी हेलसिंकीस युगोस्लाव्हियाकडून १-१० असा दारुण पराभव झाला. आपले बरेच खेळाडू तेथे अनवाणी खेळले होते. थोर शिक्षकाच्या चरित्रात अशा पराभवाची नोंद झाकून ठेवण्याचे कारण नाही, कारण त्याने त्या पराभवापासून काय शिकले हे पाहणे अधिक उद्बोधक असते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले, आणि रहीम यांनी युरोपीय, विशेषतः हंगेरीच्या, खेळातील नवी रचना अभ्यासून आपल्या मुलांना जमेल अशी करून घेतली. त्यांच्या संघाचा भर होता तो एका स्पर्शात चेंडू पुढे देण्यावर, आणि दोन्ही पायांच्या वापरावर. म्हणजे जे शहरातील मुलांच्या स्पर्धांमध्ये रुजविले होते, त्यावरच.

मेलबर्नला पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतल्याने भारतास पुढे चाल मिळाली होती, हे प्रामाणिकपणे नमूद करावयास हवे. परंतु ऑस्ट्रेलियावरील विजय निर्विवाद होता. गोमंतकीय कुळातील, मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझा यांनी त्या सामन्यात तीन गोल केले. उपांत्य फेरीत युगोस्लाव्हियाकडून १-४ असा आणि तिसऱ्या क्रमांकासाठी बल्गेरियाकडून ०-३ असा पराभव झाला. तरीही ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोहोचलेला भारत हा पहिला आशियाई देश ठरला. १९६० मध्ये रोमला त्याच भारताने फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी केली.

१९६२ साली जाकार्तास जाताना रहीमसाहेब कर्करोगाने ग्रासले होते. पहिलाच सामना दक्षिण कोरियाविरुद्ध ०-२ असा गेला. नंतर थायलंड व जपान यांना हरवून आणि उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर ३-२ अशी मात करून भारत अंतिम फेरीत आला. समोर पुन्हा दक्षिण कोरिया. राजकीय वादामुळे प्रेक्षक भारताविरुद्ध खवळलेले होते. डोक्याला टाके पडलेल्या बचावपटू जर्नेल सिंगला रहीम यांनी आघाडीवर खेळविले. ४ सप्टेंबर रोजी पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांच्या गोलांनी भारत २-१ असा जिंकला. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. घरात वर्तमानपत्र मोठ्याने वाचले गेले आणि ‘आपल्या हैदराबादचे रहीमसाहेब’ असे शब्द वडिलांच्या तोंडून निघाले, एवढे मला स्मरते. मी त्यांना कधी पाहिले नाही. नऊ महिन्यांनी ते गेले.

नंतर

त्यानंतरचा इतिहास सुखद नाही. आशियाई स्पर्धेतील फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला १९६२ नंतर मिळालेले नाही, आणि १९६० नंतर भारतीय पुरुष संघ ऑलिंपिकला पात्र ठरलेला नाही. रहीमसाहेबांनी पेरलेले काही काळ उगवत राहिले. १९६५-६६ चा संतोष करंडक आंध्र प्रदेशाने जिंकला. १९७० मध्ये बँकॉकला कांस्यपदक मिळविणाऱ्या संघाचे कर्णधार सय्यद नईमुद्दीन हे याच शहराचे. रहीमसाहेबांचे पुत्र एस. एस. हकीम रोमच्या पथकात होते, पुढे आंतरराष्ट्रीय पंच व प्रशिक्षक झाले आणि २०२१ मध्ये निवर्तले. परंतु नवे पेरणारा राहिला नाही. गुणी खेळाडू कलकत्त्याच्या क्लबांकडे जात राहिले आणि त्यांच्या जागा भरणाऱ्या मुलांच्या स्पर्धा क्षीण झाल्या.

अलीकडचे एक उदाहरण देतो. २०१९ मध्ये या शहराच्या नावाने एक व्यावसायिक संघ स्थापन झाला. २०२१-२२ च्या हंगामात त्याने इंडियन सुपर लीग जिंकली. २०२५ मध्ये तो संघ दिल्लीस गेला आणि त्याचे नावही बदलले. याबद्दल मी कोणास दोष देत नाही, व्यवसायाचे गणित वेगळे असते. परंतु विकत आणलेले झाड कुंडीसह उचलून नेता येते. रहीमसाहेबांच्या काळात राज्य गेले, नकाशा बदलला, तरी संघ कोठे गेला नाही, कारण तो गल्लीत रुजलेला होता.

मग प्रश्न असा उरतो की इतके रुजलेलेही का सुकले? माझ्या अल्पमतीप्रमाणे उत्तर असे आहे की आपण रहीम या व्यक्तीवर विसंबलो आणि रहीम यांच्या कामाची व्यवस्था केली नाही. तक्ता ते लावीत, मुले ते हेरीत, सायकलचा रुपया ते देत. एका माणसाने हे वीस वर्षे विनातक्रार केले म्हणून ते आपोआप होत असते, असा सर्वांचा समज झाला. निष्ठावंत सेवकाच्या वाट्याला येणारे हे दुर्दैव आहे. त्याचे काम जितके चोख, तितके ते दिसेनासे होते. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार १९८५ मध्ये सुरू झाला, तोवर रहीमसाहेबांना जाऊन बावीस वर्षे झाली होती.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. आपण शाळेस देणग्या देता, इमारतीस नावे देता, हे उत्तमच आहे. त्याबरोबर मुलांची एक वार्षिक स्पर्धा चालविण्याचे दायित्व घ्या. ड्रिब्लिंगला मनाई असलेली, नाहीतर दुबळ्या पायाची. एकदा भरवून छायाचित्र काढण्यापुरती नको. दहा वर्षे भरवा, आणि अकराव्या वर्षी ती कोण भरविणार याची व्यवस्था पहिल्याच वर्षी करून ठेवा. आणि येथे बसलेल्या माझ्या शिक्षकबंधुभगिनींना एवढेच सांगतो की व्याकरण मागे राहिले तरी चालेल, ते मी नंतर भरून काढल्याचे पाहिले आहे. मुलांचा मैदानाचा तास मात्र मागून घेऊ नका. मी घेतलेला तास आता मला परत करता येत नाही.